गुरं बाहेर कधी काढायची, हे ठरवणार कोण?

वाचकाचं पत्र : वडिलांमागे तीस एकर गवताची जमीन माझ्या वाट्याला आली. मी नोकरीमुळे दूर राहते, गुरं पाळणं मला शक्य नाही. आधी ज्याला जमीन चराईला दिली होती त्याने ती इतकी चारली, की चढाच्या बाजूला माती उघडी पडली आहे आणि हौदाभोवती नुसता चिखल आहे. आता जवळच राहणारे एक काका जमीन मागत आहेत. ते म्हणतात, ‘वर्षाची ठोक रक्कम ठरव, किती गुरं सोडायची ते माझं मी बघेन.’ भाऊ म्हणतो, ‘जनावर मोजून महिन्याला पैसे घे, म्हणजे फसणार नाहीस.’ खंड किती मागू? गुरं किती सोडू देऊ? लिहून काय घेऊ? काका वडिलांच्या ओळखीचे आहेत. कागद पुढे केला तर त्यांना वाईट वाटेल का?

उत्तर :

ताई,

चार प्रश्न तुम्ही विचारलेत. पाचवा राहिला आणि माझ्या मते पहिला मान त्याचाच : गुरं कुरणातून बाहेर कधी काढायची, हे ठरवणार कोण? आधीच्या माणसाबरोबर जे बिनसलं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. गवत बुडख्याला आलं तेव्हा ‘आता पुरे, गुरं काढा’ असं म्हणायचा हक्क तुम्हाला होता की नव्हता, हे कधी बोललंच गेलं नव्हतं. काकांच्या ठोक रकमेने हा प्रश्न सुटत नाही आणि भावाच्या मोजणीनेही सुटत नाही. म्हणून खंडाचं बोलणं थोडं मागे ठेवते. आधी गवताचा हिशोब करू. तो हाती असला की घासाघीस करायला फारसं काही उरत नाही.

रानात किती गुरं बसतात?

हा प्रश्न सगळे असाच विचारतात आणि उत्तरही एका आकड्यात मिळतं, ‘पंधरा बसतात’. किती दिवस बसतात, ते कोणी सांगत नाही. पंधरा गाई दोन महिने आणि पंधरा गाई बारा महिने यांत सहापट गवताचा फरक आहे. त्यामुळे जनावर आणि काळ एकत्र मोजणारं माप घ्या. एका मोठ्या गाईला एक महिना पुरेल इतकं गवत, त्याला आपण गाय-महिना म्हणू.

गाय दिवसाला तिच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन टक्के चारा खाते, पण हे वजन पाणी वगळून, कोरड्या चाऱ्याचं. ४०० किलोची गाय अडीच टक्क्यांनी रोज १० किलो कोरडा चारा खाणार, म्हणजे महिन्याला ३०० किलो. कोवळ्या हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असू शकतं, त्यामुळे हिरव्याचा ढीग पाहून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

आता तुमच्या रानात कोरडं गवत किती निघतं ते पाहायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही. पट्ट्यांची किंवा जाड तारेची ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकट करा. गवत निसवून पुरतं वाढलं, की रानात फिरून निरनिराळ्या दहा-बारा जागी ती टाका आणि आतलं गवत जमिनीलगत कापून घ्या. चांगलं दिसतं तिथेच चौकट टाकायचा मोह होतो. पाठ फिरवून मागे फेकली तर तो टळतो. तण आणि गुरं तोंड लावत नाहीत त्या वनस्पती बाजूला काढा. बाकीचं पसरून, वजन आणखी घटेनासं होईपर्यंत वाळवा. सगळ्या जागांची सरासरी जितके ग्रॅम येईल त्याला १६ ने गुणलं, की एकरी किलो मिळतात. हेक्टरी हवे असतील तर ४० ने गुणा.

समजा सरासरी ७५ ग्रॅम आली. म्हणजे एकरी १,२०० किलो. हे सगळं गाईच्या पोटात जाणार, असं मात्र नाही. निम्मं उभं ठेवायचं असतं. हा नियम हौसेचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक क्रायडर यांनी गवत वेगवेगळ्या उंचीवर कापून मुळांचं काय होतं ते पाहिलं आणि १९५५ साली निष्कर्ष छापले. पानोळा निम्म्यापर्यंत काढला तर मुळांची वाढ जवळपास तशीच चालू राहिली. साठ टक्के काढला तेव्हा सुमारे निम्म्या मुळांची वाढ थांबली आणि ऐंशी टक्क्यांना सगळ्याच मुळांची. थोडं जास्त खाल्लं तर थोडं जास्त नुकसान, असं हे सरळ चढत नाही. निम्म्याची रेघ ओलांडली की एकदम घसरतं. तुमच्या चढावर हेच झालं असणार. वरून खाल्लं जातं तितकं दिसतं, पण मुळं आखूड होत गेली हे दिसत नाही. मग एखाद्या कोरड्या पट्ट्यात गवताला खालचं पाणी ओढता येत नाही आणि लोक म्हणतात की पावसाने दगा दिला.

उरलेल्या निम्म्यातलंही सगळं तोंडी लागत नाही. काही तुडवलं जातं, काहीवर शेण पडतं, काही किडे खातात, काही वाळून गळतं. गुरं मोकळी सोडून दिली असतील तर एकूण गवताच्या साधारण चौथाई पोटात जातं, असं धरायचा प्रघात आहे. १,२०० ची चौथाई ३००. म्हणजे या उदाहरणात एका एकरात एक गाय एक महिना.

तीस एकरांचे तीस गाय-महिने झाले का? नाही. उघडा चढ, झाडांखालची जागा, हौदाभोवतीचा चिखल, खडक हे सगळं वजा करा. सहा एकर गेले असं धरलं तर चोवीस उरले. चोवीस गाय-महिने म्हणजे बारा गाई दोन महिने, किंवा आठ गाई तीन महिने, किंवा चार गाई सहा महिने. काकांच्या मनात वीस गाई वर्षभर असतील तर ते २४० गाय-महिने होतात, दहापट. हा आकडा समोर ठेवला की ‘माझं मी बघेन’ या वाक्याचं काय करायचं ते तुम्हालाच कळेल.

काकांची सगळी जनावरं सारख्या वजनाची नसणार. पाजती गाय वासरासकट सव्वा-दीड गाईइतकं धरा, वळू दीड, वर्षाची कालवड अर्ध्यापेक्षा थोडी जास्त. शेळ्या आणणार का, तेही आत्ताच विचारा. पाच-सहा शेळ्या म्हणजे एक गाय असा ढोबळ हिशोब असतो, पण शेळी झुडपं आणि कोवळे शेंडे शोधून खाते, त्यामुळे तुम्हाला रोपं वाढवायची असतील तर हा हिशोबच लागू पडत नाही.

हे सगळं सरासरी वर्षाचं झालं. मी तुमच्या जागी असते तर निघालेल्या आकड्यातून आणखी चौथाई कमी करून करारात लिहिलं असतं. चांगल्या वर्षी गुरं वाढवता येतात, तिथे कोणी भांडत नाही. भांडणं कमी करतानाच होतात.

उघडी पडलेली बाजू

चढाची बाजू या करारातून पूर्ण बाहेर ठेवा, तात्पुरत्या कुंपणाने तोडून टाका. निदान वाढीचा एक पूर्ण हंगाम तिथे खूर पडता कामा नये. गवताचे बुडखे मातीत जिवंत असतील तर ते फुटतील. नसतील तर बी टाकावं लागेल, पण नुसतं बी टाकलं तर वाऱ्याने आणि पहिल्याच जोरदार पावसाने ते खाली जमा होतं. उघड्या मातीवर काट्याकुट्या, झाडाच्या फांद्या, खराब झालेलं वाळकं गवत अंथरा. बी अडकतं, ओल टिकते आणि मातीवरची टणक साय फुटते. पाण्याच्या घळी पडायला लागल्या असतील तर त्यांना आडव्या दगडांच्या किंवा फांद्यांच्या ओळी लावा, घळ अजून लहान आहे तोवर.

हौदाभोवती मुरूम किंवा खडी टाकून टणक जागा करून घ्या आणि हौद भरून वाहत असेल तर आधी त्याचा तरंगता बॉल बदला. अर्धा चिखल गुरांचा नसतो, गळक्या नळाचा असतो. मिठाची वीट हौदाशेजारी ठेवलेली असेल तर ती उचलून रानाच्या ज्या कोपऱ्यात गुरं जात नाहीत तिथे नेऊन ठेवा. मीठ आणि पाणी एकाच जागी मिळालं की गुरं तिथून हलत नाहीत.

उरलेल्या रानाबद्दल माझं मत काकांना आवडणार नाही. पहिल्या वर्षी गवत वाढत असताना गुरं आत घेऊच नका. गवताला बी धरू दे, सांडू दे, मग सोडा. वाढ थांबलेल्या गवताला चराईचा फटका कमी बसतो. अडचण ही, की तेव्हा गवत जून झालेलं असतं, त्यातली प्रथिनं घटलेली असतात आणि फक्त त्यावर दुभती गाय दूध टिकवू शकत नाही. भाकड गाई मात्र थोड्या पेंडीच्या जोडीने त्यावर निभावतात. म्हणजे पहिल्या वर्षी काकांनी भाकड गाई आणाव्यात आणि तुम्ही खंड त्या मानाने कमी घ्यावा. एका वर्षाचं उत्पन्न घटतं, हे खरं. पण तीन-चार वर्षं दुबळ्या रानाचा दुबळा खंड घेत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

गुरं फिरवणं

फ्रेंच शेतकरी आणि शास्त्रज्ञ आंद्रे व्वाझँ यांनी गेल्या शतकाच्या मध्यात एक गोष्ट ठासून मांडली : रान जास्त गुरांनी बिघडतं त्याहून जास्त, गुरं एका जागी जास्त काळ राहिल्याने बिघडतं. गाय एक गवत खाते, ते काही दिवसांत फुटतं, गाय अजून तिथेच असते, ती तोच कोवळा फुटवा पुन्हा खाते, कारण जून गवतापेक्षा तो गोड लागतो. शेजारचं गवत जून होऊन पडून राहतं आणि खाल्लेलं पुन्हा पुन्हा खाल्लं जातं. तीस एकरांत एकच गाय सोडली तरी आवडत्या तुकड्याचं हेच होईल.

यावर उपाय म्हणजे रानाचे भाग पाडून गुरं पुढे-पुढे नेणं. किती भाग पाडायचे याचं गणित साधं आहे. गवताला किती दिवस विश्रांती हवी त्याला एका भागात गुरं किती दिवस ठेवणार त्याने भागायचं आणि एक मिळवायचा. भरभर वाढीच्या दिवसांत तीस दिवस विश्रांती आणि पाच दिवस चराई धरली तर सात भाग होतात. वाढ मंदावली की विश्रांती दुप्पट-तिप्पट लागते, हे बहुतेक जण विसरतात आणि बाराही महिने त्याच वेळापत्रकाने गुरं फिरवतात. गवत कॅलेंडर बघत नाही. गवत वीत-दीड वीत झालं की गुरं आत, चार-पाच बोटं उरलं की बाहेर, ही खूण तारखेपेक्षा खरी. उंच ठोंबाचं गवत असेल तर उरणारी उंची आणखी वाढवा.

तुमच्या पत्रात एकाच हौदाचा उल्लेख आहे. मग भाग असे पाडा, की प्रत्येकाचं एक तोंड हौदाकडे उघडेल, किंवा मधून एक वाट सोडा. आतल्या कुंपणाला पक्कं काही लागत नाही. सौर झटका मशीन आणि एक पदरी तार पुरते, मात्र गुरांना आधी लहान जागेत तिची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर बुजलेली गुरं तार तोडून निघून जातात. काकांकडे दिवसभर गुरांबरोबर राहणारा चांगला गुराखी असेल तर आतलं कुंपण नसलं तरी चालेल. काठी घेऊन कळप हव्या त्या तुकड्यात राखणारा माणूस तारेपेक्षा हुशार असतो. फक्त तो माणूस खरंच आहे का, ते बघून घ्या.

पाण्याचा अंदाज म्हणून भाकड गाईला दिवसाला ३० ते ५० लिटर धरा, उन्हाच्या दिवसांत दुभतीला १०० लिटरपर्यंत लागू शकतं. हौद भरणार कोण आणि मोटरचं बिल कोणाच्या नावावर, हे आत्ताच ठरवा.

आता खंड

काकांची ठोक रक्कम आणि भावाची डोईमोजणी, दोन्हींत एकेक सापळा आहे. ठोक रकमेत काकांनी एकदा पैसे दिले, की प्रत्येक जास्तीची गाय त्यांना फुकटात चरते. ते कितीही सज्जन असले तरी गणित त्यांना तिकडेच ढकलतं. डोईमोजणीत सापळा तुमच्यासाठी आहे. प्रत्येक जास्तीच्या गाईमागे तुम्हाला पैसे मिळतात, मग ‘अजून पाच आणू का?’ असा फोन आला की दूर शहरात बसून ‘आणा’ म्हणणं फार सोपं असतं. तुमच्या भावाने ही बाजू पाहिलेली नाही.

मी सुचवेन ते असं. दर गाय-महिन्याला ठरवा आणि वरची मर्यादा करारातच लिहा, तुमच्या मोजणीतून निघालेली. त्या मर्यादेच्या निम्म्या गाय-महिन्यांचे पैसे किमान रक्कम म्हणून आगाऊ घ्या. काकांनी गुरं आणली नाहीत तरी ती तुमची. बाकी पैसे प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे दर महिन्याला. पाऊस फसला आणि तुम्ही गुरं लवकर काढायला लावलीत, तर न चरलेल्या महिन्यांचे पैसे काकांनी देऊ नयेत. हे शेवटचं कलम तुमच्या तोट्याचं वाटेल. पण त्याच्यामुळेच तुम्ही ‘काढा’ म्हणाल तेव्हा काका भांडणार नाहीत. पैसे भरून बसलेला माणूस गुरं काढत नाही.

दर किती? याला कोणी तुम्हाला तयार आकडा दिला तर विश्वास ठेवू नका. आजूबाजूला लोक काय घेतात ते विचारा, पण त्याबरोबर काय-काय मिळतं तेही विचारा, कारण कोणाच्या खंडात पाणी आणि राखण धरलेली असते, कोणाच्या नसते. स्वतःचा हिशोब असा करा : ३०० किलो वाळका चारा काकांना विकत घ्यायचा झाला तर गोठ्यापर्यंत किती पडेल? त्यातून कापणी, बांधणी, वाहतूक वजा करा, कारण इथे ते काम गाय स्वतः करते. जून गवताचा कस कमी असेल तर आणखी वजा करा. कुंपण दुरुस्ती, पाणी भरणं, रोजची पाहणी यांतलं जे काका करणार ते वजा करा, जे तुम्ही करणार ते राहू द्या. जे उरेल तो वरचा आकडा. जमिनीचा कर आणि कुंपणाचा वर्षाचा खर्च भागवणारा आकडा खालचा. या दोघांच्या मध्ये कुठेतरी तुम्ही आणि काका हात मिळवाल.

वाढीच्या वजनावर पैसे घ्यायची एक पद्धत आहे, वासरं आत येताना आणि बाहेर जाताना तोलायची. काटा जवळ नसेल आणि मालक दूर असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

कागदावर काय हवं

पहिली गोष्ट वकिलाची. जमिनीचा ताबा देणं आणि ठराविक काळ गवत चरू देणं, या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी असतात. ताबा दिला की अनेक ठिकाणी जमीन धरणाऱ्याला संरक्षण मिळतं आणि मुदत संपली तरी त्याला उठवणं अवघड जातं. तुम्हाला द्यायची आहे ती फक्त चराईची परवानगी. कागदाला तसं नाव दिलं एवढ्याने भागत नाही. किल्ली कोणाकडे, वर्षातले किती महिने जमीन रिकामी, कुंपण कोण घालतं, यावरूनही ते ठरतं. जमीन जिथे आहे तिथला कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. या एका खर्चात काटकसर करू नका.

गुरं काढण्याचं कलम सगळ्यांत वर लिहा. ठरलेल्या उंचीपर्यंत गवत आलं, किंवा पावसाने जमीन इतकी भिजली की खूर रुतून खड्डे पडायला लागले, तर तुम्ही कळवल्यापासून तीन दिवसांत गुरं बाहेर. कारण सिद्ध करत बसायला लागू नये म्हणून उंची आकड्यात लिहा आणि रानात चार-पाच ठिकाणी खुंट्या ठोकून त्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढा. तुम्ही दूर आहात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या खुंटीशेजारून, ठरलेल्या दिशेचा फोटो पाठवायचं काम काकांवर टाका. अधूनमधून तुमच्या बाजूचं कोणीतरी न कळवता जाऊन येईल, हेही लिहा. आणखी एक युक्ती फार उपयोगी पडते : एक मीटर लांब-रुंदीचा जाळीचा पिंजरा रानात पालथा घाला आणि खुंट्यांनी घट्ट करा. आत गुराचं तोंड पोचत नाही. आतलं गवत आणि बाहेरचं गवत शेजारी-शेजारी दिसलं, की किती खाल्लं गेलं यावर वाद उरत नाही.

मग जनावरांचं. किती, कोणत्या वयाची, कोणत्या खुणेची, फक्त काकांच्या मालकीची. दुसऱ्याची गुरं पैसे घेऊन आत घेणं बंद, याला पोटखंड म्हणतात आणि बहुतेक रानं याच वाटेने उजाड होतात. लसीकरणाचा कागद दाखवल्याशिवाय गुरं आत नाहीत. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांबद्दल पशुवैद्यांशी बोला. दुसरा माणसांनाही होतो. बाहेरून आलेली गुरं गोचिडांसकट येतात, तेव्हा आधी उपचार, मग प्रवेश. जंताच्या औषधाचंही असंच : आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि शेण मातीत ओढून नेणाऱ्या किड्यांच्या अळ्या मारतात, म्हणून औषध पाजल्यावर काही दिवस गुरं गोठ्यातच राहू द्यावीत. वळू आणायचा झाला तर आधी विचारून.

शेण कोणाचं, हे बहुतेक करारांत नसतं. ते लिहा. गाईने खाल्लेल्या नत्र, स्फुरद, पालाशाचा बराच मोठा भाग शेण-मुतातून परत बाहेर येतो. गुरं दिवसा तुमच्याकडे चरून रात्री काकांच्या गोठ्यात बसणार असतील तर तुमच्या रानाचा कस रोज संध्याकाळी थोडा-थोडा त्यांच्या उकिरड्यात जातो. गुरं रात्रीही रानात राहिली तर उत्तम. ते जमत नसेल तर ठराविक गाड्या शेणखत परत रानात, खराब झालेल्या बाजूला, अशी अट घाला. रानातलं शेण वेचून नेणं तर साफ बंद.

बाहेरून चारा आणून रानात टाकणं यावरही बंधन हवं. गवत संपलं की काका चारा आणून टाकतील आणि गुरं तिथेच उभी राहतील. कागदोपत्री सगळं ठीक आणि रानाचा गोठा झालेला. शिवाय आणलेल्या चाऱ्यातून तणाचं बी येतं.

बाकीचं पटकन सांगते. बाहेरचं कुंपण तुमचं, त्याची रोजची डागडुजी काकांची, सामान तुमचं. गुरं निसटून कोणाचं पीक खाल्लं तर भरपाई काकांची. रान पेटवायचं नाही, झाडं तोडायची नाहीत. मेलेलं जनावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, नियमाप्रमाणे पुरायचं, खर्च काकांचा. घाणेरी किंवा इतर विषारी झुडपं कोण काढणार ते लिहा. पोटभर गवत असेल तर गुरं घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत, उपाशी असली की खातात, मग उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलवटते. लसूणघासासारखं शेंगवर्गीय पीक रानात असेल तर भुकेली गुरं दवात एकदम त्यावर सोडली की पोटं फुगून मरतात. अशा वेळी ‘तुझ्या रानात मेली’ असं म्हणायला जागा राहू नये, म्हणून जनावरांच्या मृत्यूची जबाबदारी मालकाची, हे वाक्य हवंच.

मुदत पहिल्यांदा एका हंगामाची ठेवा. जमलं तर पुढचा करार तीन वर्षांचा, दर वर्षअखेर मोजणी करून मर्यादा बदलायच्या अटीसह. दरवेळी एकेकच वर्ष देत राहिलात तर काका रानावर एक खुंटीही ठोकणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

काकांना वाईट वाटेल का?

कदाचित वाटेल. पण आधी कागद घेऊन जाऊ नका. चौकट आणि कोयता घेऊन जा आणि त्यांना बरोबर घेऊन मोजणी करा. चाळीस वर्षं गुरं राखलेल्या माणसाला गवत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोणता तुकडा आधी वाळतो, कुठे गुरं बसतात, कोणत्या बाजूला पाणी साचतं, हे ते चालता-चालता सांगतील आणि तुमचे भाग पाडायचं काम निम्मं तिथेच होईल. गाय-महिन्यांचा आकडा त्यांच्यासमोर निघाला की तो तुमचा हट्ट राहत नाही. तरीही ते ‘माझं मी बघेन’ यावरच अडून राहिले, तर त्यांना नाही म्हणा आणि हे वर्ष रान मोकळं राहू द्या. तुमच्या रानाला त्याची गरज आहेच.

ते तयार झाले तर कराराच्या दोन प्रती करा. गुरं आत येण्याआधी दोघांनी मिळून रानाला फेरी मारून तारखेसह फोटो काढा, त्यांच्या छापील प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या आणि ते करारालाच जोडा. आगाऊ रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय फाटकाची किल्ली देऊ नका. आणि किल्लीची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा.